श्रद्धा सुटल्यानंतरची सोबत

बार्शी हे श्री भगवंताचे गाव. पंढरपूरची एकादशी आणि बार्शीची द्वादशी यांचे नाते वारकऱ्यांना सांगावे लागत नाही. याच गावी १९२४ साली भरलेल्या बहिष्कृत परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराच्या मार्गाचा उच्चार केला. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ची आणि नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ची. बार्शीतील उच्चारापासून नागपूरच्या दीक्षेपर्यंत ३२ वर्षे गेली. जुनी श्रद्धा सोडणे हा एका व्यक्तीचा निर्णय असू शकतो. परंतु ती सोडल्यानंतर जगावयाचे कोणाच्या संगतीत, हा प्रश्न संपूर्ण समाजाच्या तयारीचा असतो, याचे भान या दीर्घ प्रतीक्षेत दिसते.

दीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत जुन्या देवांची उपासना, श्राद्ध आणि पिंडदान यांचा त्याग आहे. मात्र केवळ त्याग सांगून ते थांबले नाहीत. विवाहाचा साधा विधी, एकत्र वंदना, एकत्र बसण्याची जागा हेही नव्या जीवनाबरोबर आले. ही निखळ निरीश्वरवादाची वाट नव्हती, हा आक्षेप खरा आहे. तरीही बुद्धिवादी चळवळीने त्यापासून एक धडा घ्यावयास हवा होता. मृत जनावरे ओढण्याचे काम नाकारणाऱ्यांना गावोगावी बहिष्कार सोसावा लागला. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९९० सालापर्यंत नाकारल्या गेल्या. एवढी किंमत देऊनही ही माणसे मागे फिरली नाहीत, कारण किंमत देताना ती एकटी नव्हती.

एकट्याने बाहेर पडणाऱ्यांचा इतिहास वेगळा आहे. गोपाळ गणेश आगरकरांची प्रेतयात्रा पुण्याच्या सनातन्यांनी ते हयात असतानाच काढली. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी बाजूला बांधून ठेवले होते, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. हमीद दलवाई ३ मे १९७७ रोजी निवर्तले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार कोणताही धार्मिक विधी न करता त्यांचे दहन झाले. परंतु दलवाईंनी २२ मार्च १९७० रोजी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करून ठेवले होते. म्हणूनच त्यांच्या पश्चात मेहरुन्निसा दलवाई यांना ते काम पुढे नेता आले.

आज चित्र काय आहे? व्यासपीठावर पुरोहितशाहीवर आसूड ओढणारा कार्यकर्ता घरी सत्यनारायणाला बसतो, आणि विचारल्यास आईचे वा पत्नीचे नाव पुढे करतो. त्याला ढोंगी म्हणणे सोपे आहे. परंतु ज्याने खरोखर घरचे देव उतरवले, त्याच्या वाट्याला काय येते तेही पाहावे. वडिलांच्या तेराव्याला त्याने पंगत घातली नाही, की भावकी तोंड फिरवते. मुलीचे लग्न नोंदणी पद्धतीने करावयाचे, तर तीन साक्षीदार मिळतात, मांडव मात्र ओस पडतो. सर्वांत मोठा भार पडतो तो घरातील स्त्रीवर. नवऱ्याच्या विवेकवादाचा जाब हळदीकुंकवाला तिला विचारला जातो. घरात मूल आजारी पडले, तर कोप कोणाचा झाला याचे उत्तरही तिनेच द्यावयाचे असते. या स्त्रीला चळवळीच्या बैठकीत मात्र क्वचितच बोलावणे जाते.

कायदे झाले आहेत. १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६चा आहे. कायदा बहिष्कार घालणाऱ्याला शिक्षा देऊ शकतो, पण दुःखाच्या घरी रात्री सोबतीला येऊन बसू शकत नाही.

सोबतीने काय घडते याचा दाखला बार्शीतच आहे. १९८७ साली येथे ग्रामीण भागातील देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगावी जात, बायाबापड्यांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया त्यानंतर रोगाच्या आधीच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागल्या, असे आढळले. देवऋषी आणि नवस यांच्यावर टीका करणारी भाषणे त्यापूर्वीही होत होतीच. फरक पडला तो पुन्हा पुन्हा दारी येणाऱ्या माणसामुळे.

धर्म माणसाला जन्म, लग्न, आजार आणि मरण या चार प्रसंगी गाठतो. तेथे तो केवळ भीती दाखवत नाही, माणसे गोळा करून आणतो. समाजवादी चळवळीने या चार प्रसंगी गैरहजर राहून श्रद्धेवर व्याख्याने द्यावीत, हा व्यवहार फार दिवस चालणार नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने स्थापनेच्या वर्षीच, १८७३ साली, पुरोहिताविना विवाह लावून दाखवला होता. विचारापाठोपाठ व्यवहार उभा करावा लागतो हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून प्रत्येक तालुका शाखेने काही साधी कामे हाती घ्यावीत. विधीविना होणाऱ्या लग्नाला सर्व कार्यकर्त्यांनी सहकुटुंब जावे. मृत्यूच्या घरी शोकसभा घ्यावी आणि पहिले काही दिवस दोन्ही वेळचा डबा पोहोचवावा. देहदानाची इच्छा असेल तेथे सोलापूरच्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी संपर्क, कागदपत्रे आणि वाहन यांची जबाबदारी शाखेने उचलावी. तेराव्यासाठी कर्ज काढण्याचे नाकारणाऱ्या शेतकऱ्याच्या पाठीशी त्याच्याच गावात उभे राहावे. आणि कार्यकर्त्याच्या पत्नीला तिचे स्वतःचे मत विचारावे. ती अजून सश्रद्ध असेल, तर तिच्याशी वाद घालण्यापूर्वी तिचे ऐकून घ्यावे.

या कामांना मोठा निधी लागत नाही, माणसे लागतात. देव्हारा रिकामा करण्याचे धैर्य एखादा कार्यकर्ता एकट्याने दाखवील. त्यानंतर त्याचे घर भरलेले राहील की नाही, याचे उत्तर मात्र शाखेला द्यावे लागेल.