दुसऱ्याच्या बेटावरचा प्लॉट

गेल्या शनिवारी सकाळी चहा घेता घेता मेल उघडली. पाच डोमेन्सचं रिन्यूअल जवळ आलंय, कार्डवर पैसे ठेवा, अशी नेहमीची आठवण होती. दरवेळी मी 'ओके' म्हणून मोकळा होतो. या वेळी काय सुचलं कोण जाणे, म्हटलं एकदाच सगळा हिशोब मांडू. एक्सेल उघडलं. नावं ३७. पुढच्या वर्षभरात भरायचे पैसे १ लाख १० हजार. आकडा तीनदा तपासला. बरोबर होता, च्यायला.

डिसेंबरात माझं लग्न आहे. हॉलचा अ‍ॅडव्हान्स साधारण एवढाच गेलाय.

होणारी बायको सीए आहे (हो, माहितीये, स्वतःहून ओढवून घेतलंय). तिला शीट दाखवली. तिने फक्त तीन प्रश्न विचारले. "यातली विकली किती?" एक. "कितीला?" अठरा हजार. "आणि किती वर्षं धरून बसलायस?" पाच. नंतर ती काही बोलली नाही, शीटचं नाव तेवढं बदललं. आधी 'इन्व्हेस्टमेंट्स' होतं, तिने 'खर्च' केलं.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. माझ्या टीममधली अजून दोन पोरं या नादात आहेत, आणि वाचणाऱ्यांपैकीही काही असतील. म्हणून लिहून टाकतो.

हा नाद लागतो कसा, ते आपल्याकडच्या माणसाला पटकन कळेल. पुण्याच्या आसपास एनए प्लॉटच्या जाहिराती बघितल्यात ना? 'आता घ्या, पाच वर्षांत तिप्पट.' तसंच आहे हे. डॉट कॉम म्हणजे डेक्कन जिमखाना. १९८५ पासून लोकांनी तिथे नावं घेऊन ठेवलीत, आपल्याला मिळणार नाही आणि मिळालं तर परवडणार नाही. चॅट डॉट कॉम २०२३ मध्ये दीड कोटी डॉलरच्या वर गेलं. मग आपण निघतो शहराबाहेर. डॉट एक्सवायझेड, डॉट आयओ, डॉट एआय, डॉट स्टोअर. नाव तेच, छोटं, छान, आणि किंमत नव्याण्णव रुपये! लॉकडाऊनमध्ये रात्री दोन वाजता सुंदर एकाक्षरी शब्द रिकामा सापडला की जो काही आनंद होतो, तो वेगळाच.

फरक एकच, पण सगळा खेळ त्यातच आहे. प्लॉट एकदा घेतला की सातबारा तुमच्या नावावर. तो पडून राहिला तर फार तर गवत वाढेल. डोमेन तुम्ही घेतच नाही. ते भाड्याने मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं. बाबांना मी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कागद दाखव." मी मेल दाखवली. ते म्हणाले, "ही तर पावती आहे." मी हसलो होतो.

आता गणित. या धंद्यात मुरलेले लोक सांगतात की शंभर नावं धरली तर वर्षाला एखाद-दुसरं विकलं जातं. शंभर नावं, प्रत्येकी सरासरी दीड हजार रिन्यूअल, म्हणजे वर्षाला दीड लाख. तुमचं ते एकुलतं एक नाव दीड लाखाच्या वर जाणार असेल तरच तुम्ही पाण्याच्या वर. डॉट कॉमवालेही याच गणितात असतात. पण तिथे घाऊक दर रजिस्ट्रीला मनाला येईल तसा वाढवता येत नाही, करारात मर्यादा आहे. २०२५ मध्ये तो १० डॉलर २६ सेंट होता. नव्या एक्स्टेंशनना ही मर्यादाच नाही. सहा महिन्यांची नोटीस दिली की रजिस्ट्री हवा तो दर लावू शकते. २०१७ साली युनिरजिस्ट्रीने आपल्या काही एक्स्टेंशनचे दर असे वाढवले की डॉट होस्टिंग वीसेक डॉलरवरून थेट तीनशेवर गेलं. एवढी ओरड झाली की गोडॅडीने त्यांची नावं विकणंच थांबवलं. म्हणजे तुमच्या प्लॉटचं भाडं किती, हे तो मालक ठरवणार, आणि तुम्ही जितके तिथे अडकलेले, तितका त्याचा हात वर.

माझ्या ३७ मधली नऊ नावं अशीच नव्याण्णव रुपयांत घेतलेली. दुसऱ्या वर्षी २,८०० चं बिल आलं. अटींमध्ये लिहिलं होतं. वाचलं नव्हतं. आपण रोज दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढतो, पण ऑफरखालची बारीक अक्षरं कोण वाचतो!

यात पैसे कोणी कमावत नाही असं नाही. कमाई टोलनाक्याची आहे, गाडीवाल्याची नाही. २०१२ साली आयकॅनने नव्या एक्स्टेंशनसाठी अर्ज मागवले, एका अर्जाची फी १ लाख ८५ हजार डॉलर, तरी १,९३० अर्ज आले. त्या रांगेत आपल्या मुंबईतल्या डिरेक्टी ग्रुपमधून निघालेली, भाविन तुरखियांची रॅडिक्सही होती. डॉट टेक, डॉट स्टोअर, डॉट ऑनलाइन ही त्यांचीच. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, त्यांनी ओळखलं की नाव विकत घेण्यापेक्षा नाका घेतलेला बरा. आपल्यासारखे पोट्टे नव्याण्णव रुपयांची नावं घेऊन स्वतःला इन्व्हेस्टर म्हणवतात, तेव्हा आपण त्यांचे ग्राहक असतो, बाकी काही नाही.

डॉट मोबीची गोष्ट तर प्रत्येक नव्या डोमेनवाल्याला घोटून घोटून सांगायला हवी. २००६ चा काळ आठवा (मी तेव्हा शाळेत होतो, पण घरातला नोकिया आठवतोय). एवढासा स्क्रीन, जीपीआरएस, एक पान उघडायला अर्धा मिनिट. मग विचार निघाला की मोबाइलसाठी वेगळी वेबसाइट हवी, आणि तिला वेगळं एक्स्टेंशन. मागे कोण होतं? नोकिया, मायक्रोसॉफ्ट, गूगल, व्होडाफोन. याहून भारी पाठबळ कुठलं असणार! त्याच वर्षी फ्लॉवर्स डॉट मोबी लिलावात २ लाख डॉलरला गेलं, घेणारे रिक श्वार्ट्झ, डॉट कॉमच्या धंद्यातले राजे समजले जाणारे गृहस्थ. २००७ च्या शेवटी म्युझिक डॉट मोबी ६ लाख १६ हजार डॉलरला विकलं. आता तारीख बघा. आयफोन त्याच वर्षीच्या जूनमध्ये बाजारात आला होता. साधी, पूर्ण वेबसाइट खिशात उघडायला लागली होती आणि लिलाव मात्र चालूच होते. पुढे फ्लॉवर्स डॉट मोबी ६,५०० डॉलरला गेलं.

मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही की श्वार्ट्झ मूर्ख नव्हते. शब्द बरोबर होता, मोबाइलचा अंदाज तर शंभर टक्के बरोबर होता. जग मोबाइलवरच गेलं. फक्त त्यासाठी कुणाला वेगळ्या एक्स्टेंशनची गरज पडली नाही. मी २०२१ मध्ये 'वेब३ येणार' म्हणून डॉट एक्सवायझेडची चौदा नावं उचलली, तेव्हा हेच केलं. अल्फाबेटने २०१५ मध्ये एबीसी डॉट एक्सवायझेड घेतलं, म्हणजे हे भविष्य, असं मी मनाशी ठरवून टाकलं. अल्फाबेटला काय, त्यांनी काहीही घेतलं असतं तरी लोक शोधत गेले असते. आणि 'इतक्या लाख नावांची नोंदणी झाली' या बातमीला तर काडीचा अर्थ नाही. २०१६ मध्ये डॉट एक्सवायझेडची नावं एका सेंटलाही मिळत होती, आकडा फुगला, आणि वर्षाने रिन्यूअलची वेळ आल्यावर बसला.

आता दोन अक्षरी एक्स्टेंशन. इथे प्रकार अजून गमतीचा आहे, कारण ती देशांची किंवा प्रदेशांची असतात. कॉलेजात माझ्या प्रोजेक्टची साइट डॉट टीकेवर होती, फुकट मिळायचं ना! टोकेलाऊ नावाचा दीड-एक हजार वस्तीचा बेटसमूह पॅसिफिकमध्ये आहे, हे तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ते फुकट वाटणाऱ्या फ्रीनॉमवर २०२३ मध्ये मेटाने दावा लावला आणि कंपनीने पुढच्या वर्षी डोमेनचा धंदाच सोडला. त्याच २०२३ मध्ये गॅबनने आपलं डॉट जीए परत ताब्यात घेतलं आणि सत्तर लाख नावं पुसली. डॉट ईयूचं तर कारण निव्वळ राजकीय होतं. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडला आणि २०२१ च्या जानेवारीत तिथल्या लोकांची सुमारे ऐंशी हजार नावं बंद पडली. ज्यांनी पैसे वेळेवर भरले होते त्यांचीही.

माझी पाच नावं डॉट आयओची. आपल्या धंद्यात आयओ म्हणजे इनपुट-आउटपुट, म्हणून ते स्टार्टअपवाल्यांचं लाडकं. खरं तर ते ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचं, म्हणजे चागोस बेटांचं. अमेरिकेच्या दिएगो गार्सियाच्या तळासाठी १९६७ ते १९७३ च्या दरम्यान तिथल्या लोकांना हाकलून दिलं गेलं. २०२५ च्या मे महिन्यात ब्रिटनने ही बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली. आता 'तो प्रदेश' उरला नाही तर 'त्याचा कोड' उरणार का? नियम असा आहे की कोड यादीतून गेला तर एक्स्टेंशनलाही आवरायला साधारण पाच वर्षं मिळतात, वाढवून फार तर दहा. युगोस्लाव्हिया संपला, डॉट वाययू २०१० मध्ये बंद झालं. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये संपला तरी डॉट एसयू त्यानंतर कित्येक वर्षं चालू राहिलं. म्हणजे काहीही होऊ शकतं. मला वाटतं डॉट आयओ इतक्यात जाणार नाही, फार पैसा आहे त्यात. पण पाच वर्षं मी त्या बेटांचं नावही न ऐकता तिथला 'प्लॉट' धरून होतो, आणि ज्यांची ती बेटं, ते लोक अजून आपल्या हक्कासाठी भांडतायत. हे वाचल्यावर मला जरा लाज वाटली.

"पण डॉट एआय?" हा प्रश्न येणारच. मान्य. तिथे लोकांनी खरंच कमावलं. ज्यांनी २०२२ च्या नोव्हेंबरपूर्वी, चॅटजीपीटी यायच्या आधी, चांगली इंग्रजी नावं घेऊन ठेवली, त्यांना लॉटरी लागली. पण का लागली? अचानक हजारो कंपन्या निघाल्या, त्यांच्याकडे गुंतवणूकदारांचा पैसा होता आणि त्यांना ते नाव वापरायचं होतं. खरा वापरणारा आला. मी २०२३ मध्ये घुसलो तोवर शेवटची बस गेली होती, उरलेल्या शब्दांना मीच दोन-दोन शब्द जोडत होतो. शिवाय डॉट एआय किमान दोन वर्षांसाठी घ्यावं लागतं, माझ्या तीन नावांचेच ३९ हजार होतात. सगळ्यात शहाणं कोण निघालं? अँग्विला. कॅरिबियनमधलं सोळा-एक हजार वस्तीचं बेट. २०२३ मध्ये त्यांना या दोन अक्षरांतून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले, सरकारच्या उत्पन्नाच्या वीस टक्क्यांहून जास्त. माझेही पैसे त्यात आहेत बरं का. तिथल्या एखाद्या शाळेच्या पत्र्याला लागले असतील तर आनंद आहे :)

राहिली सहा नावं डॉट भारतची. देवनागरीत. २०१४ मध्ये हे सुरू झालं, मी मात्र २०२२ मध्ये घेतली, सण, पदार्थ असले शब्द. यात मी पैशापेक्षा हौसेने पडलो होतो. एकाची लिंक मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर तिकडे मोदकाच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसली, कारण आतून देवनागरी नावाचं रूपांतर 'एक्सएन' आणि दोन डॅशने सुरू होणाऱ्या सांकेतिक नावात होतं. मावशी म्हणाली, "अरे, कुणीतरी तुझा फोन हॅक केलाय." त्या पत्त्यावरची ईमेल तर निम्मे फॉर्म स्वीकारतच नाहीत. ते फॉर्म आपल्यासारखेच इंजिनिअर लिहितात. मीसुद्धा असा एक लिहिलाय, ऑफिसात, फक्त इंग्रजी अक्षरं चालतील असा.

तर निर्णय. डॉट एक्सवायझेडची चौदाही जाऊ देतोय. ती नऊही. डॉट आयओमधलं एक ठेवतोय, कारण त्यावर माझं एक छोटं टूल खरंच चालतं आणि काही लोक ते वापरतात. डॉट भारतमधलं एकच ठेवलंय, गावाच्या नावाचं. त्यावर यात्रेची तारीख आणि एसटीच्या वेळा टाकल्यात, यात्रेच्या आठवड्यात चाळीस-पन्नास जण बघतात. विकलं गेलेलं ते एकमेव नाव, सांगायचं राहिलं, यांपैकी कुठलंच नव्हतं. साधं डॉट इन होतं, नाशिकच्या एका दुकानदाराने दुकानासाठी घेतलं.

डॉट एआयच्या तिघांपैकी एकाला मार्चमध्ये ५०० डॉलरची ऑफर आली होती. मी तेव्हा पाच हजार मागितले होते आणि समोरचा गप्प झाला होता. परवा रात्री त्याला पुन्हा मेल टाकली, पाचशेला देतो म्हणून. सीएबाईंनी मसुदा तपासून दिला. अजून उत्तर नाही. रिन्यूअलची मुदत १९ तारखेला आहे.