तंबूतल्या सिनेमाचीही नोंद हवी

वऱ्हाडातले साखरखेर्डा गाव इतिहासात आहे ते १७२४च्या लढाईमुळे. निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाला इथे हरवले आणि हैदराबादच्या आसफजाहीचा पाया पक्का झाला. पण इथल्या जुन्या पिढीशी बोलायला बसा, गप्पा वळतात जत्रेतल्या टुरिंग टॉकीजकडे: मालमोटारीतला प्रोजेक्टर, ऐन मारामारीत तुटणारी रीळ, मग शिट्ट्यांचा पाऊस. महाराष्ट्रातल्या या तंबूंवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. कानला कळले ते आपल्या गावकारभाऱ्यांना कधी कळणार? पोस्टरे रद्दीत गेली, ऑपरेटर थकले. लढायांच्या सनावळ्या पुस्तकांत सुरक्षित आहेत. गावोगावच्या वाचनालयांनी या ऑपरेटरांच्या आणि जुन्या प्रेक्षकांच्या आठवणी आताच ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात.