इद्दत आणि सहा महिन्यांची मुदत

आमच्या भिवंडीत रस्त्यावर माणूस गेला की तिसऱ्या दिवशी, जियारत आटोपल्यावर, एक बैठक भरते. मोहल्ल्यातले चार वजनदार लोक, मय्यतचा मोठा भाऊ किंवा मेहुणा, आणि समोर टेम्पोचा मालक, बरोबर त्याचा कोणी ओळखीचा. चहा येतो. 'जो हुआ सो हुआ, अल्लाह की मर्जी' इथून बोलणे सुरू होते आणि एका आकड्यावर येऊन थांबते. हा आकडा दीड लाखाच्या वर गेलेला मी तरी फारसा ऐकला नाही. बेवा आतल्या खोलीत असते. तिला आकडा सांगतात, विचारत नाहीत.

या बैठकीविरुद्ध मला लिहायचे आहे. बैठकीला बसणारे लोक वाईट नाहीत. त्यांतले काही माझ्या विद्यार्थ्यांचे वडील आणि आजोबा आहेत. कफन-दफनाला तेच धावतात, हॉस्पिटलच्या दारात रात्रभर तेच उभे असतात. आणि म्हणूनच त्यांचा शब्द कोणी मोडत नाही.

पूर्णा, राहनाळ, काल्हेर, मानकोली या पट्ट्यात गोदामांची रांगच रांग आहे. मुंबई-ठाण्यात कोणी मोबाइलवर मागवलेली वस्तू बरेचदा इथूनच निघते. ती पोहोचवणारे छोटे टेम्पो पहाटेपासून धावतात. ड्रायव्हरला फेरीवर पैसे मिळतात, म्हणून तो घाईत असतो. त्याच पहाटे लूमची रात्रपाळी सुटते आणि कारागीर सायकलवर किंवा पायी घरी निघतात. पुढे काय होते ते भिवंडीकराला सांगायला नको.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. त्यामुळे मोहल्ल्यातले मराठी कागद वाचून दाखवण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले आहे. लाइट बिलाची नोटीस, तहसीलचा दाखला, कोर्टाचे समन्स. आठवीतल्या एका मुलीने असाच एक स्टॅम्पपेपर आणला. तिचे वडील लूमवर होते, वय ३४. सायकलवरून घरी येताना पार्सलच्या टेम्पोने उडवले, जागीच गेले. कागदावर लिहिले होते की अपघात अंधारामुळे झाला, चालकाची चूक नाही, आमची काही तक्रार नाही आणि यापुढे आम्ही कोणत्याही न्यायालयात दावा करणार नाही. बदल्यात १,२५,००० रुपये. त्यातले ७५,००० रोख, उरलेले दोन महिन्यांनी. मजकूर मराठीत, खाली आईची सही उर्दूत. तिला यातले एक अक्षरही वाचता येत नव्हते. मुलगी माझ्याकडे आली ती उरलेले ५०,००० का येत नाहीत हे विचारायला.

आता हिशेब करू. मी गणिताचा शिक्षक नाही, पण हा हिशेब सातवीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांत तो कसा करायचा हे ठरवून दिले आहे. कारागिराला पगाराची पावती नसते, तेव्हा न्यायाधिकरणाने महिना १२,००० रुपयेच धरले असे समजा. वय चाळिसाच्या आत आणि काम कायम नोकरीचे नाही, म्हणून पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे. झाले १६,८००. घरात बायको, तीन मुले, म्हातारी आई, असे पाच जण अवलंबून. म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा. राहिले १२,६००. वर्षाचे १,५१,२००. वय ३१ ते ३५ असेल तर गुणक १६. एकूण २४,१९,२००. अंत्यविधीचा खर्च आणि पत्नी-मुलांना माणसाचे छत्र गमावल्याबद्दल मिळणारी रक्कम यात धरलेली नाही. न्यायाधिकरण कमी-जास्त करील, मान्य. पण एका बाजूला चोवीस लाख आणि दुसऱ्या बाजूला सव्वा लाख, तोही अर्धवट. बैठकीत एकानेही हा हिशेब मांडला नाही.

मांडला असता तर काय उत्तर आले असते ते मला पाठ आहे. पहिले उत्तर असे की ड्रायव्हर गरीब आहे, त्यालाही लेकरे आहेत, आपल्यासारखाच आहे. असेल. पण पैसे ड्रायव्हर देतच नाही. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि भरपाई विमा कंपनी देते. विमा कशासाठी असतो? घाई कोणाला असते ते पाहा. मालकाला टेम्पो पोलीस ठाण्याच्या आवारातून सोडवायचा असतो, कुरिअरवाल्याचे काम हातचे घालवायचे नसते, आणि कधी कधी विमाच संपलेला असतो. ड्रायव्हरच्या लेकरांचे नाव पुढे करून मालकाची सोय बघितली जाते. दया दाखवायची तर ड्रायव्हरवर जरूर दाखवा. पण एक लक्षात घ्या, हयगयीने मृत्यू घडवल्याचा गुन्हा आपसात मिटवता येणारा नाही. बैठकीतला कागद त्याचा खटला परस्पर बंद करू शकत नाही. दावा मात्र बिघडवू शकतो, कारण नेहमीच्या दाव्यात चालकाची हयगय दाखवावी लागते आणि 'चालकाची चूक नाही' हे आपणच लिहून दिलेले असते.

दुसरे उत्तर, मेलेल्या माणसाचे पैसे घ्यायचे का? हे ऐकले की मला खरोखर राग येतो. सव्वा लाख घेतले ते कोणाचे होते? आणि दीनचेच बोलायचे तर चुकून झालेल्या हत्येबद्दल वारसांना दियत द्यावी हे सूरा निसामध्ये आहे, आयत ९२. त्याच आयतीत वारसांनी सदका म्हणून माफ करण्याची सवलत आहे, आणि आमच्या बैठकीत नेमका तेवढाच भाग आठवतो. माफ कोण करणार? वारस. त्या घरातल्या पाच वारसांपैकी तीन अज्ञान मुले आहेत. यतीमचा हक्क चुलत्याने किंवा मोहल्ल्याच्या सदर साहेबांनी परस्पर माफ करावा, हे कोणत्या किताबात लिहिले आहे? मी आलिम नाही. पण यतीमचा माल खाण्याबद्दल त्याच सूरेत काय इशारा आहे, हे माझ्या वर्गातल्या मुलांनाही माहीत आहे.

हनफी फिकहमध्ये चुकून झालेल्या हत्येची दियत एकट्या मारणाऱ्यावर पडत नाही, त्याच्या आकिलावर, म्हणजे त्याच्या गोतावळ्यावर वाटली जाते. एकट्याचे कंबरडे मोडू नये आणि वारसही उपाशी राहू नयेत, हा हेतू. विमा आणि आकिला एकच असे मी म्हणत नाही, विम्याबद्दल उलेमांत मतभेद आहेत. पण 'हे पैसे आपल्यात बसत नाहीत' असे छातीठोक सांगणाऱ्याने आधी हे वाचावे. न्यायाधिकरण भरपाईवर व्याजही देते. त्याबद्दल ज्याच्या मनात शंका असेल त्याने मुफ्तींना विचारावे, मुद्दल तरी सोडू नये.

आणि आता ज्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. बैठकीनंतर कोणी दाव्याचे नाव काढलेच, तर वडीलधारे म्हणतात, 'इद्दत संपू द्या, मग बघू.' इद्दत चार महिने दहा दिवसांची. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करण्याची अट घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. म्हणजे इद्दत संपते तेव्हा हातात दोन महिनेही उरत नाहीत. त्यात वकील शोधा, पोलिसांचे कागद मिळवा, मृत्यूचा दाखला काढा. या अटीला न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्याच्या भरवशावर बसणे म्हणजे जुगार. दाव्यासाठी बाईला इद्दतीत कोर्टाची पायरी चढावी लागतेच असे नाही. वकीलपत्रावर सही घरात बसून होते. आणि गरजेसाठी दिवसा बाहेर पडण्याची मुभा बेवेला फिकहने दिलेलीच आहे. रेशनसाठी जिला बाहेर जाता येते तिला मुलांच्या हक्कासाठी जाता येत नाही का?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही मराठी म्हण आमच्या मोहल्ल्यात उर्दू बोलणाऱ्यांनाही पाठ आहे. मला गंमत वाटते. दावा, वकील, फिर्याद, मुद्दत, तारीख, जामीन हे कोर्टातले सगळे शब्द आमच्या घरातून मराठीत गेले. माझ्या मुलांना मराठीच्या पुस्तकात हेच शब्द सगळ्यात आधी वाचता येतात. शब्द आमचे आणि पायरी तेवढी परकी, असे कसे?

वेळ लागतो हे खरे आहे, वर्षे जातात. वकील हिस्सा मागतात हेही खरे आहे. मिळणाऱ्या रकमेतला टक्का फी म्हणून ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, तरी तिसरा हिस्सा मागणारे ठाण्याच्या कोर्टाबाहेर भेटतात. त्यांच्याकडे जायलाच हवे असे कुठे आहे? विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला तिचे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय असते. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनीही अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि कलम १६६ (४) प्रमाणे न्यायाधिकरणाने अशा अहवालालाच अर्ज मानायचे असते. पोलीस ठाण्यात जाऊन 'अहवाल गेला का' एवढे विचारायला बैठकीतले चार वजनदार लोक पुरे आहेत. वजन तिथे वापरा.

पार्सलच्या गाड्यांत आणखी एक घोळ असतो. अ‍ॅपवाली कंपनी कुरिअरकडे बोट दाखवते, कुरिअर ठेकेदाराकडे, ठेकेदार गाडीमालकाकडे. ऐकणाऱ्याला वाटते, आता कोणाला धरायचे? गाडीचा नंबर धरा. नंबरावरून नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी दोन्ही कळतात. गाडी भाड्याने दुसऱ्याच्या कामावर होती म्हणून विमा कंपनीची सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कुलसुम प्रकरणात सांगितले आहे. ड्रायव्हरकडे हलक्या वाहनाचाच परवाना होता, मालवाहतुकीचा नव्हता, ही पळवाटही नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने छोट्या गाड्यांपुरती बंद केली. ७,५०० किलोच्या आतल्या वाहनाला हलक्या वाहनाचा परवाना चालतो.

आणि बाई गेली तर? तर बैठकसुद्धा भरत नाही. 'ती कुठे कमवत होती?' घरी बसून शिलाई करणारी, चार मुले सांभाळणारी, सासूला उठवून-बसवून खाऊ घालणारी बाई कमवत नव्हती म्हणे. गृहिणीच्या कामाला पैशांत मोल आहे आणि ते भरपाईत धरलेच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या कीर्ती निकालात पुन्हा बजावले. कोर्टाला जे पटले ते नवऱ्याला पटत नाही.

त्या मुलीच्या आईचा दावा आम्ही पाचव्या महिन्यात ठाण्याला दाखल केला. वकील विधी सेवेचे, फी नाही. स्टॅम्पपेपर विमा कंपनी दाखवणारच, त्याला उत्तर देता येईल असे ते म्हणतात. रक्कम मंजूर झाली तर मुलांचा हिस्सा त्यांच्या नावाने बँकेत ठेवायला सांगतील, हे ऐकल्यापासून दोन चुलते आईशी बोलत नाहीत. सध्या अडले आहे ते उत्पन्नाच्या पुराव्यावर. लूमच्या सेठने कोर्टात येऊन एवढेच सांगायचे आहे की हा माणसाने माझ्याकडे नऊ वर्षे काम केले आणि महिन्याला इतके नेत होता. सेठ त्या बैठकीतही होते, कफनाचे पैसे त्यांनीच दिले होते. पगार कागदावर आला तर पीएफचे विचारतील, अशी त्यांना धास्ती आहे. मी दोनदा जाऊन आलो. पुढची तारीख चौदा दिवसांवर आहे आणि त्यांनी अजून हो म्हटलेले नाही.