‘अंतर्गत प्रश्न’ म्हणे!

‘तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सणकतं.

ऑगस्ट २००७. म्यानमारच्या लष्करी सरकारने डिझेल एका फटक्यात दुप्पट महाग केलं, सीएनजी पाचपट. सप्टेंबरात भिक्खू रस्त्यावर उतरले. हातात दगड नाही, फक्त उलटी धरलेली भिक्षापात्रं: लष्कराची भिक्षा नको! २६ तारखेपासून लाठ्या, गोळ्या. मग इंटरनेटच बंद.

आणि आपण? मोर्चे ऐन भरात असताना तेव्हाचे पेट्रोलियम मंत्री, आपल्या मुंबईचे मुरली देवरा, तिथे गॅस शोधायच्या करारांसाठी हजर!

२७ मार्च २०२१. तिथला सैन्यदल दिन. त्या एका दिवसात शंभरावर माणसं मारली गेली, त्यात लहान मुलंही. आणि राजधानीतल्या संचलनाला भारताचा प्रतिनिधी पाहुणा.

‘आपण बोललो तर चीन शिरेल,’ म्हणतात. अहो, ज्या श्वे वायुक्षेत्रात आपल्या सरकारी कंपन्यांचा पैसा आहे, तिथला गॅस २०१३ पासून पाइपलाइनने चीनलाच जातोय! म्हणजे गप्प बसून काय मिळवलं?

व्यापार करा, सीमा सांभाळा. पण खुन्याच्या मांडवात खुर्ची अडवून बसलात, की तटस्थ राहिलो असं सांगू नका.

असो. तुम्हाला काय वाटतं?