संशयिताचा हक्क आणि राईनपाडा

साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी, ऐन बाजाराच्या दिवशी, पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक मंगळवेढ्याकडून पोटासाठी भटकत आलेले. मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा भ्रमणध्वनीवरून गावोगाव पोचली होती. त्यांच्यापैकी कोणी एका मुलीशी बोलल्याचे निमित्त झाले आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांचा जीव घेण्यात आला. फेब्रुवारी 2024 मध्ये धुळ्याच्या सत्र न्यायालयाने या प्रकरणी सात जणांना जन्मठेप दिली. अशा खटल्यांचा निकाल शक्यतो सहा महिन्यांत लावावा, असे सर्वोच्च न्यायालयाने राईनपाड्यानंतर सोळाच दिवसांनी सांगितले होते. येथे साडेपाच वर्षे लागली.

शिक्षा झाली ते योग्यच झाले. परंतु या खटल्यातील एक गोष्ट कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घ्यावी. मारणाऱ्यांना वकील मिळाला, साक्षीदारांची उलटतपासणी घेता आली, वरच्या न्यायालयात दाद मागण्याची वाट आजही मोकळी आहे. मेलेल्या पाचांना यातले काहीही मिळाले नाही. तेही संशयितच होते! त्यांना पोलिसांच्या हवाली करून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले असते, तर ते संध्याकाळपर्यंत आपल्या पालावर परतले असते. घटनेच्या 22 व्या कलमाने मागितलेले आहे ते एवढेच. मारणारी वस्ती आदिवासींची, मेलेले भटके. दोन्हीकडे दारिद्र्यच होते.

‘गुन्हेगाराला कसले आले हक्क?’ हा प्रश्न आपल्या बैठकांतूनही ऐकू येतो. मुळात तो गुन्हेगार आहे हे ठरायचे असते, आणि ते ठरविण्याची रीत म्हणजेच हे हक्क. भटक्यांच्या बाबतीत आपल्या राज्ययंत्रणेने ही रीत पिढ्यान् पिढ्या उलटी चालविली. 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा 1952 मध्ये देशभरातून गेला; मुंबई राज्याने 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आणून त्याची सावली मात्र ठेवली. महाराष्ट्रातल्याच 2003 च्या एका हत्याकांडात भटक्या जमातीतील सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये फाशी कायम केली. त्याच न्यायालयाने 5 मार्च 2019 रोजी त्या सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यावयास लावली. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने छायाचित्रांवरून भलत्याच चौघांना ओळखले होते, आणि पोलिसांनी त्यांचा मागच काढला नव्हता. सहांपैकी एकजण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. फाशी वेळेवर झाली असती तर भरपाई कोणाला देणार होते?

अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेल्यामुळे मला जामिनाकडे किंमत म्हणून पाहण्याची सवय आहे. जामीनदाराने सातबारा किंवा घराचा उतारा दाखवावा लागतो. पालात राहणाऱ्याने तो कोठून आणावा? स्वातंत्र्य विकत घेण्याची ऐपत नसलेला माणूस कोठडीत राहतो. 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत पाच लाख त्र्याहत्तर हजार माणसे होती. त्यांपैकी चार लाख चौतीस हजार, म्हणजे शेकडा 76 च्या आसपास, अजून दोषी ठरलेलीच नव्हती. पाटण्याच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांचे हाल पाहून 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जलद खटला हा मूलभूत हक्क ठरविला. त्याला आता पंचेचाळीस वर्षे उलटून गेली.

श्रीमंताच्या बाबतीतही तत्त्व तेच राहिले पाहिजे, हे आपल्याला पचायला जड जाते. जळगावच्या घरकुल प्रकरणाची फिर्याद 2006 ची, धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल 31 ऑगस्ट 2019 चा. 48 जण दोषी ठरले. त्यांपैकी एक माजी मंत्री दोषी ठरण्यापूर्वीच साडेचार वर्षे तुरुंगात होते. तेव्हा आपल्यापैकी अनेकांना समाधान वाटले, मलाही वाटले. ते समाधान चुकीचे होते, असे आज मी मानतो. ज्यांच्याकडे नामवंत वकील होते त्यांना एवढा काळ लागला, तर साक्रीच्या डोंगरातल्या भिल्लाची काय कथा! आणीबाणीत स्थानबद्धांना न्यायालयाची दारे बंद झाली तेव्हा आपल्या पिढीने जे भोगले, ते आपण विरोधकांच्या बाबतीत इतक्या सहज विसरावे?

1 जुलै 2024 पासून नवी नागरी सुरक्षा संहिता लागू झाली. योगायोगाने राईनपाड्याचीच तारीख. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या तृतीयांश काळ कोठडीत काढला की त्याला सोडावे, असे तिचे 479 वे कलम म्हणते. ते स्वागतार्ह आहे. मात्र एकाहून अधिक गुन्ह्यांचे खटले चालू असतील तर ही सवलत नाही. चोरी झाली की ज्यांना प्रथम उचलले जाते, त्या पारध्यांवर एकच खटला असतो असे कोण म्हणेल? शिवाय पोलीस कोठडीचे पंधरा दिवस पूर्वी अटकेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच संपत; आता ते पहिल्या चाळीस वा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी घेता येतात. म्हणजे न्यायालयीन कोठडीत गेलेल्या माणसाला पुन्हा पोलिसांच्या हाती पडण्याची धास्ती आठवडेच्या आठवडे राहते.

फुकट वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्याने दिला आहे. धुळे व जळगाव या दोन्ही ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे; तेथे अर्ज करण्यास पैसा लागत नाही. तालुक्यातील कार्यकर्त्यांनी अटकेची बातमी कळताच ठाण्यावर जावे, अटकेची वेळ व कारण लिहून घ्यावे, घरच्यांना कळविले की नाही ते विचारावे आणि दुसऱ्या दिवशी न्यायालयात हजर राहावे. उचललेला माणूस आपला मतदार आहे की नाही, हे त्या वेळी विचारू नये.