गाळ काढणारे हात

वसई-विरारकडील वाड्यांतून ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांस बावखल म्हणजे काय हे सांगणे नलगे. इतर वाचकांसाठी एवढेच लिहितो की, वाडीत खणलेले हे गोड्या पाण्याचे तळे. पावसाळ्यात ते भरावे आणि पुढे केळी, पानवेली व फुलझाडे त्यावर शिंपावी. एकेका बावखलावर अनेक घरांचा हक्क असे. परंतु उन्हाळ्यात पाणी आटले म्हणजे तळाशी उतरून गाळ उपसण्याचा हक्क सांगावयास कोणी धावत आल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही! पुढे जमिनीस भाव आला आणि पुष्कळ बावखले बुजली. आता काही ठिकाणी स्वयंसेवक ती पुन्हा मोकळी करीत आहेत, ही समाधानाची गोष्ट होय.

या महिन्यात आम्हांस जे लिहावयाचे आहे ते मात्र डोळ्यांस न दिसणाऱ्या एका बावखलाविषयी. घरोघरीच्या फोनांत आणि संगणकांत जे सॉफ्टवेअर चालते, त्यांपैकी कितीतरी भाग 'मुक्त' असतो. म्हणजे त्याची मूळ लिपी कोणीही वाचावी, सुधारावी, दुसऱ्यास द्यावी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या विचाराची उघड घोषणा केली. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला, आणि आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी तेच लिनक्स आहे. अशा मोठ्या कामांस कंपन्यांचा आश्रय मिळतो. परंतु त्यांच्या खाली ज्या हजारो लहान लहान प्रणाली आहेत, त्यांचा सांभाळ कोणी एखादा गृहस्थ दिवसभराची नोकरी आटोपून रात्री करीत असतो.

"यात आमचे काय गेले?" असे कोणी विचारील. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीस आला. बँकांपासून दुकानांपर्यंत सर्वांचे गुप्त व्यवहार ज्या 'ओपनएसएसएल'च्या भरवशावर चालत, तिच्यातच तो दोन वर्षे दडून होता. जगाने चौकशी केली तेव्हा कळले की, या कामास वर्षाकाठी अवघ्या दोन हजार डॉलरांच्या आसपास देणग्या मिळत आणि पूर्ण वेळ देणारा मनुष्य एकच होता!

याहून बोधप्रद हकीकत २०२४ सालची आहे. 'एक्सझेड' ही माहिती दाबून लहान करणारी प्रणाली फिनलंडचे लासे कॉलिन अनेक वर्षे विनावेतन सांभाळीत होते. २०२१ पासून 'जिया टॅन' असे नाव सांगणारा एक मदतनीस नेमाने दुरुस्त्या पाठवू लागला. पुढल्या वर्षी इतर अपरिचित नावांनी तक्रारी येऊ लागल्या की, काम मंद चालते, दुसरा कारभारी नेमावा. प्रकृतीस मानसिक त्रास आहे आणि हे काम फुकटचे, हौसेचे आहे, असे कॉलिन यांनी कळविले. तथापि रेटा चालूच राहिला. थकलेल्या गृहिणीने किल्ल्यांचा जुडगा गोडबोल्या पाहुण्याच्या हाती द्यावा, तसेच अखेर घडले. २०२४ च्या आरंभी त्या पाहुण्याने प्रणालीत चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्यास आपल्या संगणकात प्रवेश करण्यास अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्याचा संशय आला. आणि २९ मार्च रोजी त्यांनी सारे प्रकरण उजेडात आणले. त्या अर्ध्या सेकंदाकडे काणाडोळा करणारेच जगात अधिक असतात.

तेव्हा स्वयंसेवक हवेत, हे खरे, पण कसे? २०२० साली 'हॅक्टोबरफेस्ट' नामक उपक्रमात चार दुरुस्त्या पाठविणारास टी-शर्ट मिळे. त्या सदऱ्याच्या लोभाने निरर्थक दुरुस्त्यांचा एवढा पूर लोटला की, कारभारी मंडळी बेजार झाली आणि महिना संपण्यापूर्वीच नियम बदलावे लागले. त्यात आपल्याकडील विद्यार्थीही होते. उलट, "सर्वांनी साह्य करावे" अशी मोघम हाक घातली तर एकही येत नाही. आमच्या मते काम नेमके व लहान सांगावे, नवख्याच्या पहिल्या पत्रास दोन दिवसांत उत्तर द्यावे, त्याच्या नावानिशी आभार मानावे, आणि वर्ष-दोन वर्षे पारखल्यावाचून किल्ली देऊ नये.

पवईच्या आयआयटीत हे तत्त्व ओळखलेले दिसते. तेथील 'फॉसी' प्रकल्पात विद्यार्थ्याने एखाद्या पाठ्यपुस्तकातील सोडविलेली उदाहरणे मुक्त प्रणालीत बसवून दिली म्हणजे त्यास मानधन मिळते. तेथल्याच 'स्पोकन ट्युटोरियल'चे सुमारे दहा मिनिटांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. पाठ तयार होताना तो एखाद्या नवशिक्यास समजतो की नाही हे पाहतात. म्हणजे अज्ञानाचाही येथे उपयोग आहे! विरारहून लोकलमध्ये दीड तास उभ्याने प्रवास करणाऱ्या तरुणास रात्री पुन्हा संगणकापुढे बस, असे सांगण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. परंतु एकत्र कुटुंबात निवृत्त शिक्षक असतात, दुपारी तासभर मोकळा असणाऱ्या भगिनी असतात, त्यांस हे क्षेत्र खुले आहे.

एक उदाहरण देतो. वसईचा दर्या आणि सह्याद्रीच्या दऱ्या यांतला भेद 'र'च्या एका वळणावर अवलंबून आहे. अक्षरसंच सदोष असला म्हणजे हे वळण तुटते. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणेही हिंदीहून निराळी. मुंबईच्या 'एक टाइप' मंडळींनी 'मुक्त' हा अक्षरसंच सर्वांस मोकळा करून दिला आहे. परंतु प्रत्येक फोनात, प्रत्येक पडद्यावर मराठी शब्द नीट उमटतो की नाही हे परदेशस्थ कारभाऱ्यास कसे कळणार? ते मराठी वाचणाऱ्यासच दिसते.

असा दोष दिसल्यास कोणता फोन, कोणती प्रणाली व तिची कितवी आवृत्ती, कोणता शब्द, तो कसा दिसतो आणि कसा दिसावयास हवा, हे छायाचित्रासह त्या प्रणालीच्या कारभाऱ्यांस कळवावे. पूर्वी कोणी तीच तक्रार केली आहे काय, हे आधी पाहावे. महिनाभर उत्तर न आल्यास एकवार सौम्यपणे स्मरण द्यावे. चिडून लिहू नये; पलीकडे बहुधा एकटाच मनुष्य असतो आणि त्याच्याही घरी सकाळी मुलांची शाळा असते.