मंडालेतील वह्या
कोलाहल थांबला की बुद्धी आपोआप निवळते, हा आजच्या विचारांच्या गलबल्याने त्रासलेल्या माणसांचा समज मला अपुरा वाटतो; कारण १९०८ साली सहा वर्षांची सजा होऊन लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात गेले, तेव्हा त्यांच्या ‘केसरी’ वृत्तपत्राच्या कचेरीतली वर्दळ सुटली तरी मधुमेह, पहारा आणि घरची काळजी त्यांच्या सोबतीला होतीच. अशा स्थितीत, गीता संन्यास सांगते की कर्मयोग, हा एकच प्रश्न चित्तात दृढ धरून, शंकराचार्यांपासून कांट-मिल्लपर्यंत सर्वांची मते त्या प्रश्नापुढे हजर करीत, त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून काढले. आणि सुटकेनंतर सरकारने त्या वह्या अडकवून ठेवल्या, तेव्हा सारा ग्रंथ स्मरणातून पुन्हा लिहिण्याची त्यांची तयारी होती.